साखळी सोन्याची असली तरी

इस्लामी संस्कृतीच्या वैभवाचा विषय निघाला की आपण मनोरुग्णांच्या दवाखान्यांचा दाखला हटकून देतो. दाखला खोटा नाही. नूरुद्दीन जंगीने ११५४ मध्ये दमास्कसला आणि सुलतान कलावूनने १२८४ मध्ये कैरोला 'बीमारिस्तान' उभारले. सुलतान बायझिद दुसरा याने १४८८ मध्ये तुर्कस्तानातील एदिर्ने येथे बांधलेल्या दारुश्शिफात तर मनोरुग्णांसाठी गायक-वादक नेमले होते.

पण याच दारुश्शिफाचे कौतुक करणारा सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी रुग्णांच्या गळ्यातील सोन्या-चांदीचा मुलामा दिलेल्या साखळ्यांचाही उल्लेख करतो. तेवढा भाग आपण सांगत नाही.

युरोपची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये प्युसॅं या अधीक्षकाने बेड्या काढल्या. श्रेय मिळाले डॉ. पिनेल यांना. मात्र बेड्यांच्या जागी हात जखडून ठेवणारे अंगरखे आले. लोखंड गेले, जबरदस्ती राहिली.

हा सगळा जुना इतिहास म्हणून मिटवून ठेवता आला असता. पण ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील एरवाडीत एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. तिथल्या दर्ग्यात शिफा मिळेल या आशेने नातेवाइकांनी आपली माणसे आणून ठेवली होती. ती साखळदंडांनी बांधलेली होती. पळता न आल्याने २८ जण गेले.

त्यांना बांधणारे सगळेच क्रूर नव्हते. थकलेले आई-बाप होते, गरिबी होती, जवळपास डॉक्टर नव्हता. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. जबरदस्ती बहुधा मायेच्याच नावाने होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही याच कायद्याने दिला.

शरियतने मजनूनला नमाज-रोजाची जबाबदारी माफ केली आहे. पण कर्तव्य माफ झाले म्हणून माणसाची इज्जत माफ होत नाही. दुआ जरूर मागावी, दवाही द्यावी. मात्र त्याआधी, समोरचा माणूस काय म्हणतो आहे, हे ऐकून घ्यावे.