सेवाग्रामच्या प्रार्थनेतला जपानी मंत्र

गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी बौद्ध मंत्राने सुरू होई. वर्ध्याच्या माळावर हा मंत्र आला कसा, याचा माग काढताना सर्वधर्म प्रार्थनेच्या प्रथेचं मूळच हाती लागलं, असं मला वाटतं.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक जपानी भिक्षू आश्रमात राहायला आला. सगळे त्याला साधू केशव म्हणत. सकाळ-संध्याकाळ चर्मवाद्य वाजवत, मंत्र म्हणत तो आश्रमाला फेरी घाली. जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला आणि पोलिसांनी त्याला नेलं. त्याचा मंत्र मात्र प्रार्थनेत पहिल्या जागी बसला. कुराणातली अल्‌-फातिहाही अशीच आली: गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी यांची लेक रेहाना आश्रमात मुक्कामाला आली, तिने ती शिकवली. म्हणजे प्रार्थनेतले हे भाग सोबत राहिलेल्या माणसांनी आणले.

सर्वधर्म प्रार्थनेचा उगम काहीजण १८९३च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत पाहतात. तिथे व्याख्यानं झाली. रोजची उपासना त्यातून कशी निघेल? गांधीजींच्या आईच्या प्रणामी पंथाचा दावा जास्त वजनदार आहे, कारण त्या मंदिरात कुराणालाही मान होता. पण संस्कारच पुरेसा असता, तर गांधीजींच्या आधीच्या साबरमती आश्रमातल्या प्रार्थनेत गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या श्लोकांशेजारी फातिहा तेव्हाच दिसली असती. तिथे तर गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे मुसलमान सहकारी इमामसाहेब बावझीर राहतही होते! माझ्या मते इमामसाहेबांचा नमाज त्यांचा वेगळा राहिला. रेहाना सर्वांबरोबर भजनं गाणारी होती, म्हणून तिची फातिहा सर्वांची झाली. नुसता शेजार पुरत नाही, एकत्र बसावं लागतं.

या एकत्र बसण्याचं बीज मला गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वस्तीवर, टॉलस्टॉय फार्मवर दिसतं. एका वर्षी श्रावण आणि रमजान एकत्र आले. गांधीजींनी प्रदोष धरला, मुसलमान मुलांनी रोजे धरले आणि हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलंही त्यांच्यासोबत उपाशी राहिली. इतरांना पाणी चाले, पहाटेचं जेवण मात्र नसे. संध्याकाळी ती मुलं सूर्यास्ताआधीच जेवून घेत, म्हणजे रोजेदारांसाठी खास पदार्थ रांधायला आणि वाढायला मोकळी होत. व्रत आणि सेवा यांची जोड इथे पडली. पुढे साबरमतीत सायंप्रार्थनेच्या हजेरीला प्रत्येकजण आपण किती तार सूत कातलं ते सांगे. तीही मला याच रीतीची शाखा वाटते.

एप्रिल १९४७मध्ये दिल्लीत वाल्मीकी मंदिरातल्या गांधीजींच्या प्रार्थनासभेत कुराणाच्या आयतींना हरकत आली. तेवढ्या आयती गाळून बाकीची प्रार्थना सहज उरकता आली असती. गांधीजींनी त्या संध्याकाळी प्रार्थनाच थांबवली. प्रत्येक ओळ कुणा सोबत्याने आणलेली, हे ध्यानात घेतलं की तो निर्णय मला हट्टाचा वाटत नाही.