३० पेसोंचा लोड आणि फुकटचं फेसबुक

आजचा भाग डिजिटल मार्केटिंगवर आहे, पण आपण तो इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. देश फिलिपीन्स.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या मीटिंगांमध्ये 'लोकलायझेशन' हा शब्द रोज येतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की बटणावरचं इंग्रजी काढा आणि तिथली भाषा टाका. फिलिपीन्सच्या बाबतीत तर तेवढीही गरज नाही असं वाटू शकतं. तिथे इंग्रजी सर्रास चालतं, आणि तगालोग-इंग्रजीची मिसळ, म्हणजे 'टॅग्लिश', जाहिरातींतही भरपूर ऐकू येते. पण तिथे ज्या कंपन्या खऱ्या अर्थाने रुजल्या, त्यांनी आधी भाषा नाही, माप बदललं.

त्या मापाला तिथे 'तिंगी' म्हणतात. तिंगी म्हणजे सुट्टं घेणं. एक सिगारेट, लसणाच्या चार पाकळ्या, शांपूची एक पुडी. हे मिळतं 'सारी-सारी' दुकानात. घराच्याच खिडकीला जाळी लावून चालवलेलं छोटंसं दुकान, गल्लोगल्ली असतं. आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं धाकटं भावंडच म्हणा. ज्याच्या हातात रोजचे पैसे रोज येतात, तो महिन्याचं सामान कसं भरणार?

आता मोबाइल आला. १९९४ मध्ये ग्लोब या कंपनीने तिथे जीएसएम सेवा सुरू केली. कॉल महाग, पण मेसेज सुरुवातीला चक्क फुकट. लोक मेसेजवर तुटून पडले. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्या महाभियोगात एक पुरावा उघडायचा नाही, असं सिनेटने ११ विरुद्ध १० मतांनी ठरवलं. त्या रात्रीपासून काळे कपडे घालून एड्सा रस्त्यावर जमा, असे मेसेज फोनाफोनांत फिरले. २० जानेवारीला एस्त्रादांना राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा सोडावा लागला. तेव्हा फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं, बरं का!

पण गरीब ग्राहकाची एक अडचण होतीच. प्रीपेड कार्ड एकदम मोठ्या रकमेचं घ्यावं लागे. २००३ मध्ये स्मार्ट कंपनीने ती अडचण सोडवली. कार्ड छापायचं नाही, वाहून न्यायचं नाही. सारी-सारी दुकानातल्या बाईच्या फोनमध्ये एक खास सिम. तिने मेसेज केला की तुमच्या फोनमध्ये ३० पेसोंचा 'लोड' जमा. पाठोपाठ 'पासालोड' आलं, म्हणजे आपल्या फोनमधला थोडासा लोड भावाला, मैत्रिणीला पाठवता येऊ लागला. आपल्या छोट्या रिचार्जसारखंच. अर्थात छोट्या लोडची मुदतही छोटी असे.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. नवं ॲप नाही, नवी सवय नाही. तिंगीची जुनी सवय तशीच ठेवली आणि तंत्रज्ञान कापून तिच्या मापाचं केलं. २००४ मध्ये ग्लोबने जीकॅश आणलं, तेही आधी मेसेजवरच चालायचं.

मग इंटरनेटचीही तिंगी झाली. २०१२ मध्ये गुगलने ग्लोबबरोबर 'फ्री झोन' सुरू केला, जगात सर्वांत आधी फिलिपीन्समध्ये. २०१३ मध्ये ग्लोबनेच काही काळ फेसबुक फुकट दिलं. ग्राहक तिकडे गेले, मागोमाग जाहिरातदार गेले. तिथल्या माणसांना काय भिडतं, हेही दिसू लागलं. २०१५ मध्ये 'ईट बुलागा' या दुपारच्या टीव्ही कार्यक्रमात एका जोडीने धमाल उडवली. दोघं फक्त स्क्रीनवरून एकमेकांना बघणार, आणि भेट कधी होणार ते घरची आजी ठरवणार! २४ ऑक्टोबरच्या विशेष भागावर एका दिवसात सुमारे ४ कोटी १० लाख ट्वीट झाले. २०१७ च्या व्हॅलेंटाइनला जॉलिबीने छोट्या फिल्म काढल्या. त्यातल्या एकीत नायक लग्नात हळवा होऊन बोलतोय, आणि शेवटी कळतं की नवरदेव दुसराच आहे. बर्गर विकणाऱ्या कंपनीने लोकांना ढसाढसा रडवलं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण फुकट फेसबुकची एक अट नीट बघा. फेसबुकवरचा मजकूर फुकट, पण बाहेरच्या बातमीची लिंक उघडली की डेटाचे पैसे. म्हणजे मथळा फुकट, बातमी विकत. ज्याच्याकडे लोड नाही तो मथळ्यावरच थांबणार. खोटी बातमी पसरवणाऱ्याला आणखी काय हवं? २०१६ च्या निवडणुकीत रॉड्रिगो दुतेर्ते जिंकले. त्याच वर्षी पत्रकार मारिया रेसा यांच्या 'रॅपलर'ने खोटी खाती आणि संघटित प्रचार यांवर लेखमाला छापली. त्यानंतर रेसांवर ट्रोलिंग झालं, खटले झाले. २०२१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, दिमित्री मुरातोव्ह यांच्यासोबत.

असंच 'फ्री बेसिक्स' आपल्याकडेही येत होतं. लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने डेटाच्या अशा भेदभावी दरांवर बंदी घातली. आपण फार शहाणे होतो असं नाही, पण ती चर्चा वेळेत झाली.

म्हणून मला वाटतं, स्थानिक ग्राहकासाठी काही बनवताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला सगळेच विचारतात: त्याला परवडेल असा तुकडा केवढा? दुसरा राहून जातो: तुकडा पाडताना आपण काय कापून टाकलं? ३० पेसोंच्या लोडमध्ये फक्त मिनिटं कमी झाली होती. फुकट फेसबुकमध्ये मथळ्यामागची बातमीच गेली.

तुमच्या रिचार्जसोबत काय काय 'फुकट' येतं, एकदा बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!