कापलेलं नाक जोडणारा कारागीर



‘आमचं नाक कापलंस!’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी घरात ऐकलंय. एके काळी हे नुसतं बोलणं नव्हतं. शत्रूचं, कैद्याचं, नवऱ्याला संशय आलेल्या बाईचं नाक खरोखर कापलं जायचं. जीव घ्यायचा नाही, पण तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, अशी ती शिक्षा. आज पांढरकवड्यातून आम्ही सांगणार आहोत, ते अशी नाकं पुन्हा उभी करणाऱ्यांबद्दल.

कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याकडच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं.

कसं? आधी मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून बघितलं. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली आणि तेवढं कातडं सोडवलं. पण दोन भुवयांमधला देठ कापला नाही, कारण त्यातूनच कातड्याला रक्त मिळतं. कातडं खाली वळवून नाकाच्या जागी बसवलं. वरून काथ लावलेल्या चिंध्यांचे थर दिले, हो, आपण पानाला लावतो तोच काथ. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं ठेवलं. कातडं धरल्यावर, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, देठ कापला.

याच्या कितीतरी आधी सुश्रुतानं दुसरी रीत लिहून ठेवली होती. पानानं माप घ्यायचं, गालाचं कातडं वळवायचं, नाकपुड्या मिटू नयेत म्हणून एरंडाच्या नळ्या घालायच्या. इटलीत तालियाकोत्सी नावाच्या वैद्यानं १५९७ मध्ये तिसरी रीत छापली. त्यात कातडं दंडाचं. ते जुळेपर्यंत हात डोक्याशी बांधून दोन-तीन आठवडे बसायचं! कपाळाच्या रीतीत ही कैद नव्हती, आणि कपाळावरचा व्रणही पुढे फारसा दिसत नसे.

कावसजीची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या डॉक्टरानं १८१४ मध्ये तिथे हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. अपघातात किंवा आजारात नाक गेलं, तर मोठ्या दवाखान्यात सर्जन आजही कपाळाचं कातडं वापरतात. आता भूल असते, टाके असतात.

कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूचं राहिलं, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचंही राहिलं. नाक जोडणाऱ्याबद्दल मात्र एवढंच लिहिलंय, की तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. म्हणजे बहुधा कुंभार. नाव कुणी विचारलंच नाही.

म्हणून आमचं एक मागणं आहे. आपल्या गावात बाळंतपणं करणारी, हाड बसवणारी, जखम बांधणारी जी म्हातारी माणसं आहेत, त्यांची नावं बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी पोरीला ‘नाक कापलंस’ म्हणालं, तर त्यांना ही गोष्ट सांगा. कापायला एक घाव पुरतो, जोडायला पंचवीस दिवस लागतात.