कॅमेऱ्याची रंगपरीक्षा

सोनाराच्या पेढीवर कसोटीचा दगड असतो. सोन्याचा कस नुसत्या डोळ्यानें ठरवूं नये, हें त्या धंद्यांतील जुनें शहाणपण आहे. रंगाच्या बाबतींत तेंच शहाणपण छायाचित्रकारांना फार उशिरां सुचलें, आणि तें सुचेपर्यंत कॅमेऱ्यानें कित्येकदां खोटी साक्ष दिली. एकदां तर ती भर विद्वत्सभेंत दिली.

१७ मे १८६१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्स्वेल यांनीं तीन रंगांच्या मिश्रणानें रंगीत छायाचित्र सिद्ध करून दाखविलें. चित्रवस्तु म्हणून चौकडीच्या विणीची एक रंगीत स्कॉच फीत घेतली होती. थॉमस सटन यांनीं तिचीं छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या द्रवांतून निरनिराळीं घेतलीं होतीं. तीं त्या त्या रंगाच्या प्रकाशांत पडद्यावर एकावर एक पाडतांच फीत आपल्या रंगांसह प्रकट झाली. परंतु एक कोडें राहून गेलें. त्या काळच्या कोलोडियनच्या कांचेला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. मग तांबडें चित्र उमटलें कसें? याचें उत्तर मिळण्यास शंभर वर्षें लागलीं. १९६१ सालीं कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंतील राल्फ इव्हान्स यांनीं तो प्रयोग पुन्हां करून पाहिला, तेव्हां उलगडा झाला तो असा कीं, फितीचा तांबडा रंग अतिनील किरणही परत पाठवीत असला पाहिजे, आणि तांबड्या द्रवांतून ते किरण पार जात होते. म्हणजे जें चित्र तांबड्या रंगाचें म्हणून दाखविलें गेलें, तें वस्तुतः डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचें होतें! उत्तर बरोबर, रीत चुकीची. गणिताच्या शिक्षकांना अशीं उत्तरें चांगलीं परिचयाचीं असतात.

हा दोष एकट्या सटनच्या कॅमेऱ्याचा नव्हता. मनुष्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, आणि रंगीत कॅमेऱ्यांतही बहुधा तीन रंगांच्या गाळण्या असतात. पण या दोन त्रिकुटांची वांटणी एकमेकांशीं जुळत नाहीं. शिवाय डोळ्यामागें मन असतें. भर दुपारीं पांढरें दिसणारें धोतर समईच्या पिवळ्या उजेडांतही आपणांस पांढरेंच वाटतें. कॅमेरा बिचारा तें पिवळें म्हणून नोंदवून मोकळा होतो. पांढरें म्हणजे काय, हें त्याला कोणी तरी दाखवून द्यावें लागतें.

तें दाखवावयाचें तर आधीं रंगाला मोजमाप हवें. बोस्टनचे चित्रकलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत रंगाची जात, उजळपणा व तीव्रता अशीं तीन मापें सुचविलीं. पुढें १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें सामान्य मनुष्याची वर्णदृष्टि आंकड्यांत बसविली. या पायावर १९७६ सालीं मॅकॅमी, मार्कस व डेव्हिडसन या तिघांनीं अमेरिकेंत चोवीस चौकोनांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. आज छायाचित्रकारांच्या झोळींत बहुधा असतो तो हाच. त्याच्या खालच्या ओळींत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या आहेत. वरच्या ओळीचा आरंभ सांवळ्या त्वचेनें होतो. मग गोरी त्वचा, निळें आकाश, झाडाचा पाला, निळें फूल. हे रंग डोळ्याला तसे दिसले म्हणजे झालें, एवढ्यावर कर्ते थांबले नाहींत. खरी त्वचा किंवा खरा पाला ज्या लहरी जितक्या प्रमाणांत परत पाठवितो, साधारण तशाच त्या चौकोनांनींही पाठवाव्या, अशी खटपट त्यांनीं केली. कॅमेऱ्याला फसविणाऱ्या फितींवर हाच खरा उतारा होय.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं रंगतक्त्याची सर्वांत मोठी परीक्षा मंगळावर झाली. २० जुलै १९७६ रोजीं व्हायकिंग-१ हें यान तेथें उतरलें आणि दुसऱ्या दिवशीं पहिलें रंगीत चित्र घेतलें गेलें. पॅसाडेना येथील प्रयोगशाळेंत घाईघाईनें रंग जुळविण्यांत आले. चित्रांत जमीन तांबूस होती आणि आकाश चक्क निळें! पृथ्वीवरील माणसाला तें पाहून घरच्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु यानाच्या पाठीवर रंगतक्ते बसविलेले होते. शास्त्रज्ञांनीं ते बारकाईनें तपासले. कॅमेऱ्याच्या रंग टिपणाऱ्या घटकांना अवरक्त किरणही थोडेफार जाणवत होते. म्हणजे १८६१ सालचीच कथा, फक्त वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला. तो भाग वजा करून तक्त्यावरील रंग जसे असावयास हवे तसे आणले, तेव्हां आकाशाचा निळा रंग नाहींसा झाला आणि तें फिकट गुलाबी, पिवळसर दिसूं लागलें. त्या विरळ हवेंत लोहाच्या गंजाची बारीक धूळ तरंगत असते, तिचा तो रंग. चित्रपथकांतील जेम्स पोलॅक यांनीं ही दुरुस्ती सांगतांच कांहीं पत्रकारांनीं थट्टेनें नापसंतीचा घोष केला. त्यांना निळें आकाश हवें होतें. तक्त्याला आवडनिवड नव्हती.

जें काम तेव्हां एका पथकाला करावें लागलें, तें आज घरच्या संगणकावर कांहीं मिनिटांत होतें. ज्या उजेडांत चित्रें घ्यावयाचीं, त्याच उजेडांत आधीं तक्त्याचें एक चित्र घ्यावें. त्यावर सावली किंवा झळाळी पडूं देऊं नये. संगणकाची आज्ञावलि प्रत्येक चौकोनाचे कॅमेऱ्यानें नोंदविलेले आंकडे त्याच्या ज्ञात आंकड्यांशीं ताडून पाहते आणि दोहोंतील अंतर कमींत कमी करणारें गणित बांधून एका लहानशा फाइलींत ठेवते. हीच ‘प्रोफाइल’. ती लावली कीं त्या कॅमेऱ्याचीं, त्या उजेडांतील इतर चित्रेंही सुधारतात. मात्र उन्हांतील प्रोफाइल विजेच्या पिवळ्या दिव्याखालीं चालत नाहीं. अशा प्रोफाइली निरनिराळ्या यंत्रांना सारख्याच वाचतां याव्या, म्हणून १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं मिळून आंतरराष्ट्रीय वर्णसंघ स्थापन केला.

तक्ता निःपक्षपाती असला तरी तो निवडणारीं माणसें तशीं असतातच असें नाहीं. कोडॅकनें रंगीत फिल्म छापणाऱ्या प्रयोगशाळांना पाठविलेल्या नमुनाचित्रांत दीर्घकाळ एक गोरी स्त्री असे. पहिल्या स्त्रीच्या नांवावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर उतरली कीं छपाई बरोबर, असा हिशेब. काळ्यासांवळ्या चेहऱ्यांवरचे बारकावे त्यांत बुडून जात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलें कार्ड येण्यास १९९० चें दशक उजाडलें. १९७६ च्या तक्त्यांत पहिलें स्थान सांवळ्या त्वचेला आहे, ही गोष्ट म्हणूनच लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

कसोटीलाही जपावें लागतें. उन्हानें व बोटांच्या तेलकट डागांनीं तक्त्याचे रंग बिघडतात, म्हणून जपणारे तो झांकून ठेवतात आणि कांहीं वर्षांनीं बदलतात. मंगळावर बदलणार कोण? २०१२ सालीं तेथें उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या रंगतक्त्याखालीं म्हणून लहान लहान लोहचुंबक बसविले आहेत. ते लोहयुक्त धूळ आपल्याकडे खेंचून घेतात, आणि तक्त्याचा कांहीं भाग तेवढा स्वच्छ राहतो.