ॲक्टिग्राफ : झोप आणि प्रकाश नोंदणारे मनगटी यंत्र

संशोधनासाठी दिवसरात्र मनगटावर बांधून ठेवायचे, हालचालींवरून झोप-जागेचा अंदाज देणारे आणि अंगावर पडणारा प्रकाश सोबतच नोंदणारे छोटे यंत्र. दिसायला घड्याळासारखे असले, तरी बऱ्याच संशोधन-यंत्रांना पडदा नसतो, आणि नसतो तेच बरे. रोज सकाळी आकडा दिसू लागला की माणूस त्याच्या धाकाने लवकर अंथरुणात शिरतो, आणि मग जी रोजची झोप मोजायची ती उरतच नाही.

यंत्राच्या पोटात तीन दिशांची हालचाल टिपणारा त्वरणमापक असतो. कमी वापराच्या हाताला, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या मनगटाला, ते बांधतात. हालचालींची बेरीज ३० सेकंदांच्या किंवा एका मिनिटाच्या खणांत होते आणि त्या बेरजांवर सूत्र चालते. १९९२ चे कोल-क्रिप्के सूत्र चालू मिनिटाबरोबर आधीची चार आणि नंतरची दोन मिनिटे विचारात घेते. भारित बेरीज ठरलेल्या पातळीखाली गेली तर ते मिनिट झोपेचे. १९९४ चे सादेह सूत्र ११ मिनिटांच्या चौकटीत पाहते. म्हणजे यंत्र झोप मोजतच नाही, निपचित असणे मोजते. रुग्णालयातल्या ‘स्लीप स्टडी’त मेंदूचा विद्युत्‌आलेख काढला जातो. त्याच्याशी ताडून पाहता ॲक्टिग्राफ झोपेची ९० टक्क्यांहून अधिक मिनिटे बरोबर ओळखतो, पण रात्री जागेपणी गेलेल्या मिनिटांपैकी निम्मी ओळखली तरी पुष्कळ. छताकडे बघत पडून राहिलेला निद्रानाशाचा रुग्ण त्याच्या लेखी गाढ झोपलेला असतो. यंत्राची खरी ताकद एका रात्रीत नसून सलग सात ते चौदा दिवसांच्या घरच्या नोंदीत आहे, आणि त्या नोंदीला हाताने लिहिलेल्या झोपेच्या डायरीची जोड लागतेच.

प्रकाशाची नोंद यात का आली, याचे उत्तर डोळ्यात आहे. दृष्टिपटलातल्या काही चेतापेशींत मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असते. या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये दाखवले गेले. साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाने त्या सर्वाधिक उद्दीपित होतात आणि मेंदूतल्या मुख्य जैविक घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. म्हणून नुसते लक्स पुरत नाहीत. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने २०१८ मध्ये मेलानॉपिक मापनाचे मानक दिले. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने डोळ्याच्या पातळीवर दिवसा किमान २५०, झोपेआधीचे तीन तास कमाल १० आणि झोपेच्या वेळी कमाल १ मेलानॉपिक लक्स अशी शिफारस केली. मात्र मनगट म्हणजे डोळा नव्हे. बाही खाली आली की यंत्रापुरती रात्र होते. छातीवर किंवा चष्म्याच्या काडीवर लावायचे प्रकाशमापक याच कारणाने निघाले.

या यंत्राच्या मर्यादा आणि उपयोग दोन्ही एकाच तालुक्यात पाहायचे तर पुणे जिल्ह्यातला मुळशी. हा तालुका भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे नऊ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३६ मिनिटे मागे चालतो. जूनअखेर सूर्य मावळायला सव्वासात वाजतात. शाळा आणि कचेऱ्या मात्र घड्याळावर भरतात. भारतातल्या मुलांच्या झोपेवरील मौलिक जगनानी यांच्या अभ्यासात सूर्यास्त तासाने उशिरा झाला की झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते असे दिसले. तो वेळ-वापराच्या सर्वेक्षणावर आधारलेला होता, मनगटी यंत्रावर नव्हे.

आषाढात ताम्हिणीकडच्या खाचरांत भातलावणी चालते. ॲक्टिग्राफ बांधून चिखलात वाकलेल्या माणसाची गोष्ट घ्या. मनगट खाली पाण्याकडे, डोक्या-पाठीवर इरले, प्रकाशाच्या खिडकीवर चिखलाचा थर. उघड्यावर ढगाळ दुपारीही हजारो लक्स असतात, यंत्र मात्र घरातल्यासारखा अंधार लिहिते. बाईच्या हातात कोपरापर्यंत चुडा असेल तर यंत्र बांधायचे कुठे, हा प्रश्न सूत्रांच्या पुस्तकात नसतो. शेजारी तान्हे मूल झोपले असेल, तर त्याच्या चुळबुळीने आईचे मनगट हलते आणि तीही मिनिटे जागेपणाच्या खात्यात जातात.

त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्या वेळेवर काम करणाऱ्याची मुख्य झोप पहाटे सुरू होते, पडदे ओढून. रात्रीच्या झोपेची चौकट गृहीत धरणारे सूत्र इथे गडबडते. कॅबमध्ये लागलेली डुलकी तर खड्ड्यांच्या हादऱ्यांमुळे यंत्राला झोप वाटतच नाही. पाळीचे काम करणाऱ्यांच्या नोंदी हाताने तपासल्याशिवाय वापरू नयेत, हे म्हणूनच आग्रहाने सांगावे लागते.

वीज आल्याने झोप किती बदलते, हा प्रश्न मुळशीत विचारायला आणखी एक कारण आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये इथे सत्याग्रह केला. धरण झालेच, आणि मावळातले पाणी भिऱ्याच्या वीजगृहावर पडून मुंबईचे दिवे लागले. अशा प्रश्नाचे यंत्राने दिलेले उत्तर अर्जेंटिनातून आले. २०१५ मध्ये तोबा-कोम लोकांच्या दोन वस्त्यांची तुलना झाली. वीज असलेल्या वस्तीतले लोक उन्हाळ्यात सुमारे ४० मिनिटे आणि हिवाळ्यात तासाभराने कमी झोपत होते.

भारतातला सर्वांत बोलका वापर चेन्नईचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माहिती-नोंदणीचे काम करणाऱ्या ४५२ जणांना ॲक्टिग्राफ बांधले होते. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणात असत, पण झोप जेमतेम साडेपाच तासांची होई. उकाडा, डास आणि गोंगाट यांनी ती तुटत राही. उशा, पंखे, सल्ला आणि पैसे देऊन रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात फरक पडला नाही. दुपारच्या छोट्या झोपेचा मात्र फायदा दिसला. वामकुक्षीवर टीका करणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा. मोठ्या संख्येचे उदाहरण ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’चे. २०१३ ते २०१५ या काळात तिथे एक लाखाहून अधिक लोकांनी आठवडाभर यंत्र बांधले. त्यातल्या सुमारे ८९ हजारांच्या प्रकाशनोंदींवरून २०२४ मध्ये उजळ रात्री आणि अंधारे दिवस यांचा वाढत्या मृत्युदराशी संबंध दाखवला गेला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे इथेही लागू.

बाजारातली स्मार्ट घड्याळे आणि अंगठ्या प्रकाशाने नाडी मोजतात आणि झोपेच्या अवस्थाही सांगतात. त्यांची सूत्रे कंपनीच्या कुलपात असतात आणि अपडेटबरोबर बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीची रात्र यंदाच्या रात्रीशी जुळेलच असे नाही. संशोधनात म्हणूनच कच्च्या नोंदी हाती देणाऱ्या यंत्रांना पसंती मिळते. या नोंदींतून माणूस कधी घरी आला, कधी दिवा मालवला, रात्री किती वेळा उठला हे सगळे कळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. पाळीवरच्या कामगारांचा अभ्यास करताना एकेकाची नोंद मालकाच्या हाती जाणार नाही, हे संमतिपत्रात मराठीत आणि स्पष्ट लिहिलेले असावे.