तळटीप : बडी

* बडी : अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाची जर्मन शेफर्ड कुत्री. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्रे शिकवून तयार करत. त्याविषयी डोरोथी युस्टिस यांनी १९२७ साली लिहिलेला लेख वडिलांनी मॉरिसला वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र लिहिलं, १९२८मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन तो बडीबरोबर शिकला आणि १९२९मध्ये त्याने आणि युस्टिस बाईंनी मिळून ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी केली.

मूळ मजकुरातल्या ‘कुत्रीने त्याला पलीकडे नेले’ या वाक्याने गैरसमज होऊ नये म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कुठे जायचं ते माणूसच ठरवतो. सिग्नल कुत्र्याला कळत नाही. फुटपाथची कड आली की कुत्रा थांबतो. माणूस पायाने कड चाचपतो, वाहनांचा कानोसा घेतो आणि ‘पुढे’ म्हणतो. नेमकी त्याच वेळी गाडी वळून आली, तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम कधी मोडायचा हे शिकवणं फार अवघड, आणि माझ्या मते या सगळ्या शिक्षणाचा प्राण तोच. वाटेत झुकलेली फांदी घ्या : कुत्रा स्वतः तिच्याखालून सहज गेला असता, पण सोबतच्या माणसाच्या उंचीचं भान ठेवून तो वळसा घालतो. पट्ट्याला जोडलेल्या ताठ दांडीतून त्याची प्रत्येक हालचाल माणसाच्या हाताला कळते. म्हणूनच ती दांडी हातात असताना अशा कुत्र्याला कुरवाळू नये, हाकही मारू नये. — संपा.