इचलकरंजीची 'मीरा'

खडेबाजारात चहा पिताना जुन्या मोटारींच्या रॅलीचा विषय निघाला की नावे येतात ती ऑस्टिन, मॉरिसची. १९२२ साली निघालेल्या छोट्या ऑस्टिन सेव्हनवर इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी घरच्या घरी शर्यतीच्या गाड्या बांधल्या, हे खरेच. पण निपाणीच्या पलीकडे, पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत आपल्याच माणसाने अख्खी मोटार घडवली, हे किती जणांना ठाऊक आहे?

शंकरराव कुलकर्णी यांची पहिली 'मीरा' १९४९ साली तयार झाली. ती दोन आसनी होती. पुढे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. नंतरच्या गाडीचे इंजिन मागे बसवलेले आणि हवेने थंड होणारे. त्यामुळे रेडिएटर नको, पाणी भरणे नको, मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्टही नको. वजन घटवायचे, हा शर्यतीची गाडी बांधणाऱ्याचाच हिशेब! १९७५ च्या सुमारास तिची किंमत १२ हजार रुपये सांगितली जाई.

मीरा बाजारात आलीच नाही. १९८३ मध्ये जपानी सुझुकीच्या साथीने मारुती ८०० आली आणि घरोघरी पोचली. शंकररावांकडे हात होते, डोके होते; पाठबळ कमी पडले. वर्गणी काढून आपण उत्सव उभा करतो. गल्लीतल्या एखाद्या होतकरू मिस्त्रीच्या पाठीशीही तसेच उभे राहू या.